दुसऱ्या वर्षाची फीत

माझी बायको प्रश्न विचारते तेव्हा समजावं, आता आपलं काही खरं नाही. बाई महिनाभर गप्प राहील आणि मग भाजी चिरता चिरता असं एक वाक्य टाकेल की माणसाने ताटावरून उठून जावं. त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, तिथून शिकून बाहेर पडलेली एक तरी नर्स दाखवा मला. एकच."

मी हसलो. मोठ्याने हसलो. तो हसणारा माणूस आज माझ्या हाताला लागला तर कात्रीची गरज पडणार नाही, नुसत्या हातांनीच त्याचा निकाल लावीन.

मी टेलर आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे दोन मशीन, कटिंगचं टेबल आणि आरसा, पलीकडे संसार. फॅशनचं काम मी घेत नाही, त्यात गिऱ्हाइकं डोकं खातात. माझं काम युनिफॉर्मचं. शाळांचे, वॉचमनचे आणि गेली चार वर्षं त्या नर्सिंगच्या संस्थेचे. पांढरा ट्यूनिक, पांढरी पँट, डाव्या बाहीवर निळी फीत. पहिल्या वर्षाच्या मुलीला एक पट्टी, दुसऱ्या वर्षाच्या मुलीला दोन. कोर्स दोनच वर्षांचा.

माझ्या मुलीला मी 'शहाणी' म्हणतो. तीन वर्षांची असताना तिने माझी टेप उलटी धरलेली पकडली होती, तेव्हापासून. शाळा संपली आणि शहाणीने जाहीर केलं, मी नर्स होणार. मला आनंदच झाला. दुखणाईत माणसापाशी बसायची तिला लहानपणापासून हौस. आईचं डोकं दुखलं की ही कपाळावर ओला रुमाल घेऊन हजर.

कटिंगच्या टेबलावर तीन पत्रकं पसरली. एक मोठ्या हॉस्पिटलचं. त्याची फी वाचून मी पत्रक नीट घडी घालून परत दिलं, जसं महाग कापडाला चुकून हात लागला की आपण ते परत ठेवतो तसं. दुसरं सरकारी. तिथली फी आपल्याला झेपणारी, पण जागा मोजक्या, आणि शहाणीचं नाव वेटिंग लिस्टमध्ये लोंबकळत होतं. तिसरं माझ्या संस्थेचं. फी सरकारीपेक्षाही कमी, घरापासून चालत जाण्यासारखं, आणि खाली बारीक अक्षरांत 'युनिफॉर्मसाठी' म्हणून माझ्या दुकानाचं नाव. वर फोटो. पंचवीसेक मुली ओळीने उभ्या. ट्यूनिक कसे पडलेत बघा, मी बायकोला दाखवलं, एकीच्याही खांद्याला झोळ नाही.

"झोळ नाही, ते बरंय," बायको म्हणाली. मग तो प्रश्न विचारला.

"सरकारीचं थांबू या ना, बाबा," शहाणी म्हणाली. "यादी हलते म्हणतात."

"यादी हलेल तोवर तू म्हातारी होशील. इथे माझी ओळख आहे. चार वर्षं त्यांच्या मुली माझ्या हातचे कपडे घालतायत."

ओळख! काय पण ओळख. मला त्यांच्या मुलींच्या छातीची, कमरेची, मुंढ्याची मापं माहीत होती. त्यापलीकडे मला त्या संस्थेचं काडीचंही माहीत नव्हतं.

आम्ही बापलेक बघायला गेलो. दुमजली इमारत, खाली औषधांचं गोदाम, वर संस्था. प्रॅक्टिकलच्या खोलीत सहा पलंग ओळीने मांडलेले. चादरी अशा ताठ की कुणी कधी बसलंही नसावं. शेवटच्या पलंगावर एक पुतळा, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेला, डोळे छताकडे. खोली थंडगार होती आणि फिनेलचा वास होता. मुलगी मात्र एक नाही.

"सगळ्या प्रॅक्टिकलला गेल्यात," मॅडम म्हणाल्या. मॅडमचा आवाज फार गोड. इतका गोड की ऐकताना आपोआप मान हलायला लागते.

"इथे प्रॅक्टिकलची खोली आहे की," शहाणी म्हणाली.

"खरं प्रॅक्टिकल बाहेरच असतं, बाळा. आमच्याकडे मुली तिसऱ्या महिन्यापासून प्रत्यक्ष पेशंट हाताळतात. म्हणून तर फी कमी परवडते."

"आणि दुसऱ्या वर्षाचा वर्ग कुठे भरतो?"

"दुसरं वर्ष तर संपूर्ण बाहेर." मॅडम हसल्या. "फार चौकस आहे हो तुमची मुलगी. अशाच हव्यात."

मी फुशारलो. मॅडमनी अर्ज पुढे केला आणि शहाणीच्या मार्कांचे, शाळा सोडल्याचे अस्सल कागद पडताळणीसाठी मागितले. मागे एक लोखंडी कपाट होतं. त्यांनी ते उघडलं तेव्हा आतल्या फायली मला दिसल्या, खालपासून वरपर्यंत, दाबून दाबून भरलेल्या. शहाणीचे कागद त्यात घालायला त्यांना तळहाताने बाकीच्या फायली मागे रेटाव्या लागल्या. मग कपाटाला कुलूप लागलं. शहाणीने माझ्याकडे पाहिलं, मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

त्या संध्याकाळी मी माझ्याच पोरीचं माप घेतलं. खांदा, छाती, बाही, उंची. दरवर्षी साठ पोरींची घेतो, हात सरावाने चालतात. पण तिच्या खांद्यावर टेप ठेवली आणि मला भरून आलं, काय सांगू. ट्यूनिक मी एका बैठकीत शिवला. बाहीवर एक निळी पट्टी लावली आणि तो पडद्याच्या दांडीला लटकवून ठेवला.

पाच-सहा दिवसांनी संस्थेकडून गठ्ठा आला. नव्या बॅचसाठी जुने युनिफॉर्म आल्टर करायचे होते. असं आधी कधी आलं नव्हतं, पण म्हटलं, काटकसर करत असतील. वरचाच ट्यूनिक घेतला, दुमड उसवली. मी प्रत्येक कपड्याच्या दुमडीत आतून लाल दोऱ्याने नंबर घालतो, म्हणजे गिऱ्हाईक भांडायला आलं तर वहीत माप काढून तोंडावर मारता येतं. नंबर होता एकतीस, मागच्या बॅचचा. ही मुलगी मला चांगली आठवत होती. हात इतके लांब की मी म्हटलं होतं, पोरी, तुला बाही लावायची की पायजम्याचा पाय? ती खळखळून हसली होती. दीड वर्ष झालं त्याला.

आता ऐका. माझ्याकडे मोठ्या हॉस्पिटलच्या नर्सेसही कपडे दुरुस्तीला आणतात. नर्सचा कपडा सगळ्यात आधी काखेत विरतो, पेशंटला उचलून उचलून. वर्षभरात मुंढ्याची शिलाई जाते. त्यानंतर खिशाचा कोपरा. एकतीस नंबरची काख मी उजेडात धरली. एक धागा हललेला नव्हता. दुसरा ट्यूनिक घेतला, तिसरा घेतला, अख्खा गठ्ठा उलटापालटा केला. सगळे कोरे. दोन-चार महिने घातले असतील, मग धुऊन ठेवलेले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी मापाची वही काढली. चार वर्षांची पानं उलटली. पहिलं वर्ष, एक पट्टी. पहिलं वर्ष, एक पट्टी. पानंच्या पानं. दोन पट्ट्यांचा एकही नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, हीच तर लाजेची गोष्ट आहे. माहीत होतं, आणि त्याचा मला राग होता! मला वाटायचं, दुसऱ्या वर्षाचं काम मॅडम कुठल्यातरी दुसऱ्या टेलरला देतात. जळफळाट व्हायचा माझा. सुरुवातीला त्यांनीच सांगितलं होतं की दोन पट्ट्यांसाठी वेगळी फीत लागेल, आणून ठेवा. मी रीळ आणलं. ते चार वर्षं फळीवर तसंच पडून, प्लॅस्टिकही काढलेलं नाही. एकदा मी फुरंगटून मॅडमना बोललोसुद्धा, की दुसऱ्या वर्षाचं आम्हाला देत नाही तुम्ही. त्या म्हणाल्या, "देऊ हो, काका. तेही तुम्हालाच देऊ." चार वर्षं मी त्या दुसऱ्या टेलरचा द्वेष केला. दुसरा टेलर नव्हताच. दुसरं वर्षच नव्हतं.

स्टुलावर बसलो तो बसूनच राहिलो. पडद्यापाशी शहाणीचा ट्यूनिक पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू फिरत होता.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी एकतीस नंबर दारात उभी राहिली. मी तिला हातांवरून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखू आली नसती. गाल बसलेले, केस कसेतरी बांधलेले.

"काका, एक काम होतं. गुपचूप." ती आत आली आणि मागे वळून रस्त्याकडे बघितलं. "दोन पट्ट्यांचा एक युनिफॉर्म हवाय. भाड्याने दिलात तरी चालेल. एक फोटो काढून लगेच परत देते."

"कशाला गं?"

"घरी पाठवायला. बाबा सारखे म्हणतात, दुसऱ्या वर्षाचा फोटो पाठव."

मी तिला पाणी दिलं. मग ती बोलायला लागली, खाली बघून, नखाने टेबलावरची खडूची रेघ खरवडत. तिसऱ्या महिन्यात तिला एका घरी पाठवलं. अंथरुणाला खिळलेले आजोबा. त्यांना भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. वर घरातल्यांची धुणीभांडी. नर्सिंगचं शिकवायला आजवर कुणी फिरकलं नाही. युनिफॉर्म काढून घेतला, घरात कशाला लागतो म्हणून. त्या घरून जे मिळतं ते थेट संस्थेकडे जातं.

"मग सोडून का येत नाहीस?"

"कागद त्यांच्याकडे आहेत ना. मागायला गेलं की म्हणतात, तास पूर्ण कर. किती तास ते सांगत नाहीत. कागदांशिवाय दुसरीकडे कुठे घेतील मला?"

"तास पूर्ण झालेली कुणी आहे का?"

"मी तर पाहिली नाही. एकीचे वडील भांडायला गेले होते. तिची फाईलच सापडली नाही मग." आणि तिची नजर पडद्याकडे गेली. "हा नवा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा," मी म्हणालो.

तिचाच एकतीस नंबरचा ट्यूनिक मी गठ्ठ्यातून काढला. रिळाचं प्लॅस्टिक फाडलं आणि तिच्यासमोर बाहीवर दुसरी पट्टी लावून दिली. चार वर्षांत पहिल्यांदा. तिने तो अंगावर धरून आरशात पाहिलं, आणि मेली खूश झाली हो! खोट्या पट्टीवर खूश झाली. मला तिथेच रडू कोसळलं असतं.

घरात मी सगळं सांगितलं. शहाणी एवढंच म्हणाली, "माझे कागद, बाबा."

आणि नशिबाची थट्टा बघा. बुधवारी सकाळी सरकारी संस्थेतून फोन आला. यादी हलली होती. शहाणीला जागा मिळत होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत अस्सल कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

मी तसाच, गळ्यात टेप लटकत असताना, संस्थेत धावलो. मॅडमनी बसायला खुर्ची दिली. मी मारे जाळ काढायचा म्हणून गेलो होतो, पण ते कपाट समोर दिसलं आणि माझा आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचा झाला.

"कागद आहेत ना, जातात कुठे," त्या म्हणाल्या. "पण प्रवेश रद्द करायचा म्हणजे कमिटी बसते, काका. महिना तर धरा."

"शुक्रवारी लागतात, मॅडम."

"शुक्रवारचं अवघड आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक सांगू? हल्ली पालक फार विचारतात. दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी दाखवा म्हणतात. पहिल्या वर्षाच्या फोटोंवर त्यांचं समाधान होत नाही. तुमची मुलगी नीटस आहे, चेहऱ्यावर तेज आहे. तिच्या मापाचा दोन पट्ट्यांचा एक शिवा. एक फोटो काढू. फोटो झाला की कागद याच टेबलावर."

त्यांनी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. वर चहा मागवला. मी तो प्यायलो, हे सुद्धा सांगून टाकतो.

घरी येऊन सांगितलं तर शहाणी ताडकन उठली. "म्हणजे मला बघून पोरी येणार तिथे?"

"एक फोटो आहे. कोण बघतंय."

"बाबा, तुम्ही स्वतः तो फोटो बघूनच गेला होतात. खांद्याला झोळ नाही म्हणून."

"मग काय करू?" माझा तोल गेला. "सरकारी जागा घालवू? तुला पाठवू कुणाच्या तरी म्हाताऱ्याची धुणी धुवायला? जगाचं नंतर बघू. आधी आपलं बघ!"

असं मी म्हणालो. ज्याने एकतीस नंबरला पाणी दिलं, त्याच तोंडाने. शहाणी माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी टेप पुन्हा एकदा उलटी दिसली असणार. तिने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली, आणि आपल्या आईची मान खाली गेलेली बघून पोरगी खाली बसली. "शिवा," ती म्हणाली.

गुरुवारी फोटो झाला. तिला त्या पुतळ्याच्या पलंगापाशी उभं केलं. पुतळ्याचा हात पांघरुणाबाहेर काढून तिच्या हातात दिला, जणू ती नाडी बघतेय. मॅडमनी मोबाइल धरला.

"हस जरा, बाळा."

"याची नाडी किती सांगू, मॅडम?" शहाणीने विचारलं. मॅडमनी आणखी तीन फोटो काढले, तिसऱ्यात ती हसली. मग कपाट उघडलं. कागद अगदी पुढेच होते.

शुक्रवारी साडेअकराला आम्ही सरकारी खिडकीवर पोचलो. जागा मिळाली. मी ठरवलं, आता तक्रार करायची. पुढच्या आठवड्यात करायची. मग वाटलं, विचारतील, युनिफॉर्म कुणी शिवले? फोटोतली मुलगी कुणाची? आठवडे गेले. मी संस्थेचं काम बंद केलं, आल्टरचा गठ्ठा तसाच परत पाठवला, आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला माणूस म्हणवून घेतलं. एकतीस नंबर पुन्हा आली नाही. तिचा दोन पट्ट्यांचा ट्यूनिकही परत आला नाही. दुपारी दारात कुणाची सावली पडली की मी आधी हात बघतो.

परवा रविवारी शहाणी घरी होती. तिच्या बाहीवर आता सरकारी संस्थेची हिरवी पट्टी आहे, एकच, पण खरी. काखेतली शिलाई गेली म्हणून स्वतःच मशीनवर बसली होती. पडद्यामागे बायकोचं चिरणं चाललं होतं. तेवढ्यात एक माणूस आत आला, हातात पत्रक, मागे शाळेतून नुकतीच सुटलेली एक बारकी पोर.

"युनिफॉर्मचं माप द्यायचंय. यावर तुमचंच नाव आहे ना?"

"मी त्यांचं काम सोडलं," मी म्हणालो.

पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो पत्रक बघत होता आणि शहाणीकडे बघत होता. "अरे वा! ही तर तीच!" तो लेकीला पुढे ओढत म्हणाला. "बघ, ही ताई. दुसऱ्या वर्षाची. काय सांगू, आमच्या घरात नुसता वाद चालला होता. हिची आई म्हणे, तिथून पुढे गेलेली एक तरी मुलगी दाखवा. मग हा फोटो दाखवला, तेव्हा कुठे गप्प बसली."

पडद्यामागचं चिरणं थांबलं.

शहाणी मशीनवरून उठली. "काका," तिने त्या माणसाला विचारलं, "हिचे अस्सल कागद कुठे आहेत? तुमच्याकडे आहेत ना?"

"नाही, दिले की. आत्ताच देऊन आलो. मॅडम म्हणाल्या, आधी कागद जमा करा आणि मगच मापाला जा."

चार वर्षं माझ्याकडे मापाला आलेली प्रत्येक पोर कागद देऊनच आली होती. माझ्या दारात पोचेपर्यंत कपाटाला कुलूप लागलेलं असायचं. शहाणी माझ्याकडे बघत होती. आता बोला, बाबा, असं ते बघणं होतं. पडदा हलला, बायको बाहेर आली आणि तीही माझ्याकडेच बघत उभी राहिली.

मी तोंड उघडलं. ती बारकी पोर आरशासमोर जाऊन उभी राहिली होती, आणि मापासाठी तिने दोन्ही हात आधीच पसरून ठेवले होते.